रोपणानंतरचा पहारा

लखनौची आलमबाग ही नबाब वाजिद अली शहाच्या काळातील एक बाग. नोव्हेंबर 1857 मध्ये माघार घेताना सर कॉलिन कॅम्पबेलने सुमारे 4,000 सैनिकांसह औट्रमला तेथे ठेवले. मौलवी अहमदउल्ला शहा आदींच्या फौजांनी त्या परक्या ठाण्यावर मार्च 1858 पर्यंत वारंवार हल्ले चढविले. परक्याला ओळखून त्याच्यावर तुटून पडणे हा जसा देशाचा, तसाच देहाचाही धर्म होय. मूत्रपिंडारोपणाचा सारा इतिहास या देहधर्माभोवती फिरतो.

23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसविले. भाऊ एकरूप जुळे असल्याने देहाला ते परके वाटले नाही. तथापि जुना विकार नव्या मूत्रपिंडात परतला आणि 1963 मध्ये रिचर्ड निवर्तला. इतरांना प्रथम अझाथायोप्रिनने व 1980 नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिनने आधार दिला. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1965 मध्ये पहिला प्रयत्न झाला. वेल्लोरला 1971 मध्ये यश आले.

ही औषधे देहाच्या पहारेकऱ्यांना आवरतात; परंतु त्यामुळे जंतूंनाही वाट मोकळी होते. म्हणूनच रोपणानंतरच्या तापाचे दोन अर्थ संभवतात. देह मूत्रपिंड नाकारीत असेल, तर औषध वाढवावे लागते. जंतुसंसर्ग असेल, तर ते कधी कमी करावे लागते. उपाय परस्परविरुद्ध असल्याने घरगुती तर्क येथे घातक ठरतो. लघवी कमी होणे, पायांवर सूज, एकाएकी वाढलेले वजन, चढलेला रक्तदाब, ओटीपोटात रोपाच्या जागी दुखणे, ही लक्षणे दिसताच वैद्याला गाठले पाहिजे. हातांचा कंप किंवा रक्तातील वाढलेली साखर हे पुष्कळदा औषधांचेच परिणाम. तरीही औषध मनाने बंद करणे म्हणजे हल्ल्याला आमंत्रण होय.

कित्येकदा तर कोणतेच लक्षण नसते. केवळ रक्तातील क्रिएटिनिन वाढते. म्हणून बरे वाटत असतानाही तपासणी चुकवता येत नाही.

त्याच लखनौत आज संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मूत्रपिंडारोपण होते. तेथून आलमबागेतील घरी परतणाऱ्या रुग्णाला वजन, ताप, रक्तदाब व लघवी यांची रोज नोंद करणारी एक साधी वही पुरते. शस्त्रक्रिया एका दिवसाची. पहारा मात्र जन्माचा असतो.