पगाराच्या दिवशी शेजारची खुर्ची

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या म्हाडा कॉलनीत तेव्हा स्थळ पाहताना मुलाचा पगार नंतर विचारत, आधी विचारत, "कायम आहे का?" पोखरण रोडवर रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासून होती (१९४४ मध्ये ती सिंघानियांकडे गेली), पुढे वागळे इस्टेट उभी राहिली. त्यामुळे कायम नोकरी म्हणजे काय आणि ठेकेदाराचा माणूस म्हणजे काय, हे इथल्या पोरांनाही कळे.

मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. ठेकेदारांची मस्टरं माझ्याकडे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा १० फेब्रुवारी १९७१ ला लागू झाला. त्यातल्या एका कलमाने मला महिन्यातून एकदा ठेकेदाराशेजारच्या खुर्चीत बसवलं. पगार वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर हवा आणि रक्कम आपल्यासमक्ष दिली असं त्याने लिहून द्यायला हवं. ठेकेदाराने बुडवलं तर पैसे मालकाने द्यायचे, हेही त्याच कलमात. ठेकेदार नोटा मोजायचा, कामगार अंगठा उठवायचा, मी सही करायचो. पाकीट घेऊन माणूस गेटबाहेर पडला की चहाच्या टपरीमागे मुकादम उभा. तिथे मोजल्या जाणाऱ्या नोटांवर सही करायला कायद्याने कोणाला बसवलं नव्हतं.

हा मुकादम काही ठाण्यात जन्मला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर गावाकडून माणसं आणायचा, लावायचा, काढायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या, असं व्हिटली आयोगाने १९३१ मध्येच सुचवलं होतं. पुढे गिरण्यांत ते हळूहळू झालं. कारखान्यांत मात्र हाच माणूस लेटरहेड छापून मागच्या दाराने आला.

कायदा वीस माणसांपासून लागू, म्हणून आमच्याकडे एकोणीस माणसांचे ठेकेदार फार. दोन भाऊ आणि एक मेहुणा, तिघांच्या तीन फर्म, हजेरी घेणारा मुकादम एकच! २४० दिवस भरत आले की माणसाला 'ब्रेक' मिळायचा आणि तो महिन्याभराने दुसऱ्या भावाच्या मस्टरवर नव्याने दिसायचा. आठ-दहा वर्षं त्याच मशीनवर काम केलेला हेल्पर कागदावर कायम नवाच. महाराष्ट्राने पुढे विसाचे पन्नास केले. एकोणपन्नासचा हिशेब कोणी शिकवावा लागला असेल असं मला वाटत नाही.

पहाऱ्याची तऱ्हा वेगळी होती. १९८१ च्या कायद्याने बृहन्मुंबई आणि ठाण्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आलं. नोंदलेल्या रक्षकाचा पगार मंडळामार्फत, मधे मुकादम नाही. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आधीच होता. म्हणजे दलालाला बाजूला ठेवून माणसं पुरवता येतात, हे याच राज्यात करून दाखवलं होतं. मशीनवरच्या हेल्परसाठी ते कोणी केलं नाही.

कायमस्वरूपी कामावर ठेका चालेल का, हा प्रश्न न्यायालयात फार जुना आहे. तुर्भ्याच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम रिफायनरीत साफसफाईचं काम ठेक्यावर होतं. हे रोजचं, कायमस्वरूपी काम आहे, तेव्हा ठेका बंद करा, हा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये उचलून धरला. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने एक पाऊल पुढे टाकलं: ठेका बंद झाला की माणूस आपोआप मूळ मालकाचा. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते 'आपोआप' काढून टाकलं. ठेका बनावट होता हे सिद्ध करणं कामगाराच्या गळ्यात पडलं, आणि सिद्ध करायचे कागद ठेकेदाराच्या कपाटात.

आता १९७० च्या कायद्याच्या जागी २०२० ची कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कारखान्याच्या गाभ्याच्या कामात ठेका नको, असं ती म्हणते, पण त्यालाही अपवाद ठेवते. गाभ्यात काय धरायचं नाही याची यादी तिने दिली आहे: उपाहारगृह, पहारा आणि तुर्भ्याच्या कामगारांनी १९६० मध्ये जिंकलेली साफसफाई.