मारिया सिबिला मेरियन हिची नोंदवही

डच वसाहतींच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं कंपन्यांचे रोजनामे आणि गव्हर्नरांचीं पत्रें तेवढीं डोळ्यांसमोर येतात. मारिया सिबिला मेरियन या बाईची नोंदवही त्यांच्या पंक्तीस बसविण्याजोगी आहे.

तिचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजीं फ्रँकफुर्ट येथें झाला. म्हणजे जन्मानें ती जर्मन. परंतु पतीपासून विभक्त होऊन ती फ्रीसलंड प्रांतांत लाबादी पंथीयांच्या आश्रयास राहिली आणि १६९१ पासून आम्स्टरडॅमची झाली. वहींतील निरीक्षणांचा आरंभ १६६० सालचा, तिच्या तेराव्या वर्षींचा, रेशमाच्या किड्यांपासून आहे. चर्मपत्रावर लहान चित्रें व जर्मन भाषेंत टिपणें: अळी काय खाते, कोश केव्हां केला, पाखरूं केव्हां निघालें. किडे घाणींतून आपोआप उपजतात ही समजूत त्या काळीं अजून जिवंत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कोरड्या नोंदींची किंमत कळते.

आम्स्टरडॅमच्या निकोलास विट्सेनसारख्या धनिकांच्या संग्रहांत तिनें परदेशचे कीटक पाहिले. पण त्यांच्या उत्पत्तीची माहिती तेथें नव्हती. (संग्राहकांची ही खोड जुनीच!) तेव्हां स्वतःचीं २५५ चित्रें विकून, मृत्युपत्र करून, जून १६९९ मध्यें बावन्नाव्या वर्षीं ती धाकट्या मुलीसह सुरीनामला निघाली. साखरेवांचून दुसरें कांहीं शोधते म्हणून तेथील मळेवाले तिची थट्टा करीत. आजारानें १७०१ सालीं परतावें लागलें. १७०५ सालीं ६० चित्रपटांचा ग्रंथ डच व लॅटिन भाषांत निघाला.

त्यांतील एक मजकूर चित्रांहून मोलाचा आहे. आपल्याकडे अंगणांत लावतात त्या शंकासुराविषयीं ती लिहिते कीं, डच धन्यांकडून हाल सोसणाऱ्या तद्देशीय स्त्रिया, आपलीं मुलें गुलाम होऊं नयेत म्हणून, याच्या बियांनीं गर्भपात करतात. गिनी व अंगोला येथून आणलेल्या गुलामांची निराशाही ती नमूद करते, आणि हें आपण त्यांच्याच तोंडून ऐकल्याचें सांगते. मळ्यांच्या हिशेबांत अशी साक्ष कोठून सांपडणार? मात्र ही साक्षीदार निर्लेप नव्हे. जंगलांत वाट तोडावयास तिनें गुलामच लावले. परततांना एक तद्देशीय स्त्री बरोबर आणली, आणि ग्रंथांत तिचें नांवही दिलें नाहीं.

१३ जानेवारी १७१७ रोजीं मेरियन वारली. त्याच वर्षीं पीटर बादशहाचा वैद्य अरेस्किन यानें वही विकत घेतली. आज ती सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयांत असून १९७६ सालीं लायप्झिग येथें तिची प्रतिकृति छापली गेली. छापील पटांवर झाड, फूल व कीटक यांची मांडणी सुंदर आहे. वहींत बहुधा नुसते कीटक आहेत. दोहोंत तफावत पडेल तेथें आम्ही वहीचा पाठ आधीं धरूं.