कचेरी हलली, थडगी राहिली

रत्नागिरी जिल्ह्यातील इंग्रजांच्या दफनभूमींचा इतिहास कोठून आरंभावयाचा असेल तर तो सावित्रीच्या मुखावरील बाणकोटापासूनच आरंभिला पाहिजे. 1755 मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्गापाठोपाठ तुळाजी आंग्र्यांचे हे ठाणे घेतले, राणी व्हिक्टोरियाचा जन्म होण्यास चौसष्ट वर्षे असतानाच त्यास फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव पडले, आणि पुढील वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहान्वये ते कंपनीकडे कायम झाले. एवढ्याशा मुलखाचा कंपनीस लोभ का पडावा? मुंबईकर गोऱ्यांस येथून गोमांस मिळे, जहाजांस गोडे पाणी मिळे आणि पलटणींस शिपाई मिळत.

1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा कारभार प्रथम बाणकोटातून चालला, 1822 मध्ये कचेरी रत्नागिरीस गेली, आणि पलटणीची छावणी हर्णै बंदराच्या वरच्या अंगास, दापोलीच्या थंड पठारावर पडली. हवा मानवेल या भरवशावर निवडलेल्या त्या जागी चर्चबरोबर दफनभूमीचीही सोय करावी लागली, यात छावणीच्या जन्मकुंडलीचा बराचसा भाग आला. मृत्यूला रणांगणाची गरज नव्हती. ताप, पटकी, बाळंतपण आणि समुद्र एवढे पुरे होते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल 1823 मध्ये बाणकोटास आला आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच निवर्तला. ज्याच्या नावाने महाबळेश्वरचे ऑर्थर सीट ओळखले जाते आणि जेथून सावित्रीचे खोरे दृष्टीस पडते, त्या आर्थर मॅलेटची पत्नी व तान्ही मुलगी 1853 मध्ये याच नदीच्या मुखाशी नाव बुडून खलाशांसह मरण पावल्या.

असल्या थडग्यांची बांधणी बहुधा जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा आणि मध्ये दुरून आणलेली संगमरवरी पाटी. पाटीतील अक्षरांत शिसे भरलेले असते. कोकणचा पाऊस ते सैल करतो, मग एकेक अक्षर गळू लागते, आणि शेवटी नाव जाऊन केवळ खाचा उरतात. जांभ्याच्या सांध्यांत शिरलेल्या पिंपळाच्या मुळ्या पावसाचे उरलेसुरले काम पुरे करतात.

हा दगडी पुरावा मात्र एकांगी आहे. कंपनीचे सैन्य काही गोऱ्यांचेच नव्हते. त्याचा मोठा भाग याच किनाऱ्याने पुरविला, आणि नियमित पलटण उठून गेल्यावर दापोली हे हिंदी पेन्शनरांचे गाव बनले. बाणकोट ज्या मंडणगड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील आंबडव्याचे मालोजी सकपाळ कंपनीच्या फौजेत होते. त्यांचे पुत्र सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीच्या कॅम्पातच राहिले, आणि त्यांच्यासमवेत होता बालवयातील भीमराव.