घटप्रभेकाठचा गेंडा

निपाणीहून संकेश्वरमार्गे गोकाकला जाताना दगडाचा रंग बदलतो, हे तुमच्या ध्यानात आले असेल. लाव्ह्याचा काळा पाषाण मागे पडतो आणि धबधब्यापाशी तांबूस वालुकाश्माचे कडे उभे राहतात. आपण सीमाभागातली माणसे एका सीमेविषयी इतके बोलतो, की ही दुसरी सीमा बोलण्यात येतच नाही. अश्मयुगातल्या शिकाऱ्याला मात्र तिचे मोल होते. काळा दगड ऊनपावसाने कुजतो. वालुकाश्मासोबत मिळणारा कठीण क्वार्टझाइट नेमका फुटतो आणि धार धरतो.

या माणसांचा माग प्रथम काढला भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना पहिली दगडी हत्यारे मिळाली. पुढे ते घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत आले. त्यांच्या १८७६ च्या ग्रंथाच्या नावातच या मुलखाला ‘दक्षिण मराठा देश’ म्हटले आहे. पण मला त्यांच्या हातकुऱ्हाडींहून मोठे नवल वाटते ते गोकाकजवळ चिकदौली येथे मिळालेल्या गेंड्याच्या अश्मीभूत हाडांचे. १८७४ मध्ये फूट यांनी त्याला दख्खनचेच नाव दिले.

गोकाकच्या उन्हात उभे राहून गेंड्याची कल्पना करून पाहा! त्याला बारमाही पाणी हवे, लोळायला चिखल हवा, पोटभर चारा हवा. आज आंबोलीला कोसळणारा पाऊस गोकाकला पोचेपर्यंत पार विरलेला असतो. म्हणजे हे खोरे कधीकाळी अधिक ओले, अधिक हिरवे होते. मात्र त्या गेंड्यामागे भाला घेऊन धावणारा माणूस लगेच रंगवू नये. हातकुऱ्हाडी कितीतरी जुन्या असू शकतात.

नदीचे बदलते रूप तिच्या काठातच वाचता येते. बागलकोटकडच्या अनगवाडीला डेक्कन कॉलेजच्या आर. एस. पप्पू यांनी अभ्यासलेली हत्यारे चुन्याने घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात होती. मोठे गोटे म्हणजे जोरकस प्रवाह. वरची बारीक माती म्हणजे संथ झालेले पाणी. वाळूउपशात आणि उसासाठी रान सपाट करताना हेच काठ आधी जातात.

तेव्हा नदीकाठी दोन्ही बाजूंनी छिललेला, पानाच्या आकाराचा दगड दिसला, तर तो खिशात टाकू नका. कोणत्या थरात, काठापासून किती खाली होता, ते आधी लिहून ठेवा. थरातून सुटलेली हातकुऱ्हाड तिच्या काळची नदी कशी होती, हे सांगू शकत नाही.