अ‍ॅडम्स, टोनी

अ‍ॅडम्स, टोनी : (१० ऑक्टोबर १९६६ – ). इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू, सेंटर-बॅक, आर्सेनल क्लबचा १४ वर्षे कर्णधार. पूर्ण नाव टोनी अलेक्झांडर अ‍ॅडम्स. १९८३ ते २००२ या काळात तो आर्सेनल या एकाच क्लबकडून खेळला. सर्व स्पर्धा मिळून त्याने क्लबसाठी ६६९ सामने खेळले, इंग्लंडसाठी ६६. १९८०, १९९० आणि २००० या तिन्ही दशकांत इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकणारा कर्णधार तो एकटाच.

जन्म लंडनच्या पूर्वेस रॉमफर्ड येथे. बालपण जवळच्या डॅगनममध्ये गेले. फोर्डच्या मोटार कारखान्याभोवती वाढलेली ही कामगारवस्ती. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचे व्यवस्थापक अल्फ रॅम्सी डॅगनमचेच आणि पुढे अ‍ॅडम्सला इंग्लंडचे नेतृत्व देणारे टेरी व्हेनेबल्सही तिथलेच. त्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार बॉबी मूर शेजारच्या बार्किंगचा. इंग्लंडने विश्वचषक जिंकल्यावर अडीच महिन्यांनी अ‍ॅडम्सचा जन्म झाला. त्या विजयानंतर जन्मलेल्यांपैकी इंग्लंडकडून खेळलेला तो पहिला खेळाडू.

१९८० मध्ये शाळकरी मुलगा म्हणून आर्सेनलने त्याला करारबद्ध केले. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी, सतरावे वर्ष पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, सन्डरलँडविरुद्ध त्याने पदार्पण केले. तो सामना आर्सेनलने गमावला. १९८६ मध्ये जॉर्ज ग्रॅहम व्यवस्थापक झाल्यावर मात्र त्याची जागा पक्की झाली. १९८७ मध्ये लिव्हरपूलला २-१ असे हरवून आर्सेनलने लीग कप जिंकला. त्याच वर्षी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने अ‍ॅडम्सची वर्षातील सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवड केली आणि फेब्रुवारीत माद्रिदला स्पेनविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला. १ जानेवारी १९८८ रोजी, एकविसाव्या वर्षी, तो आर्सेनलचा कर्णधार झाला. निवृत्त होईपर्यंत ते पद त्याच्याकडेच राहिले.

ग्रॅहम यांच्या आर्सेनलची ओळख म्हणजे चौघांची बचावफळी. उजवीकडे ली डिक्सन, डावीकडे नायजेल विंटरबर्न, मध्ये स्टीव्ह बोल्ड आणि अ‍ॅडम्स. पुढे मार्टिन कीओनही या फळीत आला. मागे गोलरक्षक आधी जॉन ल्युकिक आणि १९९० पासून डेव्हिड सीमन. यांच्यातला एकही धावण्यात विलक्षण वेगवान म्हणून प्रसिद्ध नव्हता, अ‍ॅडम्स तर नव्हताच. त्यांचा बचाव उभा होता तो अंतराच्या हिशेबावर. चौघे एका रेषेत उभे राहत आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायातून सुटण्याच्या बेतात असताना एकदम दोन पावले पुढे सरकत. मागे राहिलेला आक्रमक ऑफसाइड ठरे. चौघांपैकी एकाचे पाऊल जरी उशिरा पडले तरी सगळा डाव फसतो, आणि आक्रमकासमोर गोलरक्षकाखेरीज कोणी उरत नाही. म्हणून ग्रॅहम रोजच्या सरावात हीच हालचाल पुन्हापुन्हा करून घेत. चौघांना दोरीने बांधून चालायला लावत, असेही सांगतात. पुढे सरकण्याचा क्षण अ‍ॅडम्स ठरवत असे. चेंडू कुठे आहे हे पाहता पाहता तो ओरडून सहकाऱ्यांना हलवी आणि लगेच त्याचा हात पंचाच्या दिशेने वर जाई. हे दृश्य इंग्लंडमध्ये इतके ओळखीचे झाले की १९९७ च्या ‘द फुल मॉन्टी’ या चित्रपटात बेकार कामगारांना नाचाची एक हालचाल समजावताना आर्सेनलच्या याच ऑफसाइड सापळ्याचा दाखला दिला आहे.

या पद्धतीचे खरे मोल कळण्यासाठी नियमांतले बदल पाहायला हवेत. १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला आक्रमक ऑफसाइड धरला जाई. त्यानंतर रेषेत असणे वैध ठरले, म्हणजे बचावफळीला चुकीची मुभा आणखी कमी झाली. १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हाताने उचलण्यास गोलरक्षकाला मनाई झाली आणि अडचणीच्या वेळी बचावपटूला असलेला सोपा आडोसा गेला. दोन्ही बदल आक्रमकांच्या बाजूचे होते. ते झाल्यावरही हीच फळी कित्येक वर्षे टिकली.

१९८८ च्या युरो स्पर्धेत नेदरलँड्सच्या मार्को व्हान बास्टेनने इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले. त्या पराभवाचे खापर मुख्यतः एकवीस वर्षांच्या अ‍ॅडम्सवर फुटले. एप्रिल १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-१ अशा बरोबरीत दोन्ही गोल त्याचेच होते, एक आर्सेनलसाठी आणि दुसरा स्वयंगोल. दुसऱ्या दिवशी एका राष्ट्रीय दैनिकाने त्याच्या छायाचित्रावर गाढवाचे कान काढून ते छापले. त्यानंतर कित्येक वर्षे परक्या मैदानांवर तो चेंडूजवळ आला की प्रेक्षक गाढवासारखे ओरडत आणि गाजरे फेकत. मठ्ठ आणि अंगबळावर खेळणारा, ही त्याची प्रतिमा त्या चित्राने घडवली. ती अन्यायाची होती. ज्याचा सगळा खेळ पुढे काय घडणार हे आधी ओळखण्यावर उभा होता, त्याला मठ्ठ म्हणणाऱ्यांनी खेळ नीट पाहिलाच नव्हता.

त्या गाढवाच्या चित्रानंतर दोन महिन्यांच्या आत अ‍ॅडम्सने लीगचा करंडक उचलला. २६ मे १९८९ रोजी मोसमाचा शेवटचा सामना लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर होता. लिव्हरपूलचे प्रेक्षक ज्यात बळी पडले त्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीला सहाच आठवडे झाले होते. विजेतेपदासाठी आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. उत्तरार्धात अ‍ॅलन स्मिथने हेडरने पहिला गोल केला आणि भरपाईच्या वेळेत मायकेल थॉमसने दुसरा. दोन्ही संघांचे ७६ गुण, गोलफरकही सारखाच. आर्सेनलचे केलेले गोल जास्त, म्हणून विजेतेपद त्यांच्याकडे गेले. १९७१ नंतरचे हे क्लबचे पहिलेच लीग विजेतेपद. त्या रात्री ग्रॅहम यांनी बचावात एक माणूस वाढवला होता. दोन गोलांनी जिंकायचे असताना बचाव वाढवणे उलटे वाटते, पण त्यामुळे लिव्हरपूलला हवी तशी मोकळी जागा मिळाली नाही.

मैदानाबाहेर अ‍ॅडम्सचे पिणे तोवर हाताबाहेर गेले होते. त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये सामना संपला की दारू, हे संघभावनेचाच भाग मानले जाई. आर्सेनलमध्ये बुधवारी सुट्टी असे, म्हणून मंगळवारी सरावानंतर खेळाडूंची टोळी पबमध्ये बसे. तिला ‘ट्यूजडे क्लब’ असे नावच पडले होते. मे १९९० मध्ये नशेत गाडी चालवताना त्याने ती एका भिंतीवर घातली. रक्तातले मद्याचे प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या चौपटीहून जास्त निघाले. डिसेंबरमध्ये चार महिन्यांची कैद झाली आणि त्यातले सुमारे दोन महिने त्याने चेम्सफर्डच्या तुरुंगात काढले. १९९०-९१ च्या त्या मोसमात आर्सेनलने लीग पुन्हा जिंकली. ३८ सामन्यांत अवघे १८ गोल स्वीकारले आणि सबंध लीगमध्ये एकच सामना गमावला. चेल्सीविरुद्धच्या त्या एकमेव पराभवाच्या दिवशी, २ फेब्रुवारी १९९१ रोजी, कर्णधार तुरुंगात होता.

शिक्षेने व्यसन सुटले नाही. पण खेळाचा दर्जाही बाहेरून घसरलेला दिसेना, आणि म्हणूनच आजार इतकी वर्षे झाकला गेला. १९९३ मध्ये आर्सेनलने लीग कप आणि एफए कप हे दोन्ही जिंकले, दोन्ही अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी शेफील्ड वेन्सडे. एफए कपच्या उपांत्य सामन्यात टॉटनहॅमविरुद्ध पॉल मर्सनच्या फ्री-किकवर अ‍ॅडम्सने दूरच्या खांबाजवळून हेडर मारून एकमेव गोल केला. लीग कपच्या अंतिम सामन्यातला प्रसंग वेगळाच. विजयी गोल स्टीव्ह मॉरोने केला. शिट्टी वाजल्यावर अ‍ॅडम्सने आनंदाने त्याला खांद्यावर उचलले, तोल गेला, मॉरो खाली पडला आणि त्याचा हात मोडला. ज्याच्या गोलाने चषक मिळाला तोच पदक घ्यायला जाऊ शकला नाही. पुढच्या महिन्यात एफए कपच्या अंतिम सामन्यापूर्वी त्याला ते देण्यात आले. १९९४ मध्ये कोपनहेगनला पार्माला १-० असे हरवून आर्सेनलने युरोपियन कप विनर्स कप जिंकला. झोला, ब्रोलिन आणि अस्प्रिया अशी पार्माची आक्रमक फळी होती आणि आर्सेनलचा हुकमी गोलकर्ता इयन राइट निलंबित होता. स्मिथच्या गोलानंतर उरलेला वेळ बचावफळीने नुसत्या शिस्तीवर काढला.

इंग्लंडकडून त्याची कारकीर्द तुटक राहिली. १९९० च्या विश्वचषक संघातून त्याला वगळले. १९९४ ला इंग्लंड पात्रच ठरले नाही. १९९६ ची युरो स्पर्धा मात्र इंग्लंडमध्येच झाली आणि व्हेनेबल्स यांनी त्याला कर्णधार केले. वेम्बलीवर जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना इंग्लंडने पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला. स्पर्धा चालू असेतो त्याने दारूला हात लावला नव्हता. ती संपताच आठवडेच्या आठवडे तो पीत राहिला. १६ ऑगस्ट १९९६ रोजी तो थांबला, आणि सप्टेंबरमध्ये सहकाऱ्यांना गोळा करून आपण मद्यपी आहोत हे त्याने सांगितले. त्याच्या आधी, १९९४ मध्ये, मर्सनने आपली व्यसने जाहीर केली होती. तरीही आर्सेनलच्या आणि इंग्लंडच्या कर्णधाराने हे उघड म्हणणे त्या खेळात नवे होते.

त्यानंतर लगेच, ऑक्टोबर १९९६ मध्ये, आर्सेन वेंगर आर्सेनलचे व्यवस्थापक झाले. त्यांनी जेवण, व्यायाम, विश्रांती यांची शिस्त आणली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बचावपटूंनी चेंडू घेऊन पुढे जावे, ही मोकळीक दिली. अ‍ॅडम्सने याच काळात पियानो शिकायला घेतला, फ्रेंचचे धडे घेतले, वाचनाला लागला. त्याच्या खेळाचा उत्तम काळ तिशीनंतरचा, असे या नोंदकर्त्याचे स्पष्ट मत आहे. आधीच्या अ‍ॅडम्सला जागा राखता येत होती, नंतरच्याला डावही रचता येऊ लागला. १९९७ च्या अखेरीस घोट्याच्या दुखण्याने तो बाहेर गेला आणि काही काळ फ्रान्सच्या दक्षिणेस उपचार घेऊन परतला. मग आर्सेनलने लीगचे सलग दहा सामने जिंकले.

त्यातला दहावा सामना ३ मे १९९८ चा, आर्सेनलच्या हायबरी मैदानावर, एव्हर्टनविरुद्ध. आर्सेनल ३-० ने पुढे, विजेतेपद निश्चित, शेवटची मिनिटे. बदली म्हणून आलेल्या बोल्डने मधल्या पट्ट्यातून चेंडू अलगद बचावफळीवरून टाकला. त्यावर धावत गेला तो दुसरा सेंटर-बॅक, अ‍ॅडम्स. त्याने चेंडू छातीवर घेतला, एकदा टप्पा पडू दिला आणि डाव्या पायाने जाळ्यात मारला. मग तो जागीच थांबला, दोन्ही हात पसरून, डोळे मिटल्यासारखा. इतकी वर्षे ऑफसाइडसाठी वर गेलेल्या हातांची ती वेगळीच मुद्रा होती. डिसेंबर २०११ मध्ये क्लबच्या नव्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर बसवलेल्या त्याच्या पुतळ्याची मुद्रा हीच आहे. त्या मोसमात न्यूकॅसलला हरवून एफए कपही आर्सेनलने घेतला.

१९९८ हा अ‍ॅडम्सचा एकमेव विश्वचषक. अर्जेंटिनाविरुद्ध डेव्हिड बेकहमला बाहेर काढल्यावर दहा जणांनिशी इंग्लंडने सामना शूटआउटपर्यंत नेला. त्यात सोल कॅम्पबेल आणि अ‍ॅडम्स या जोडीचा वाटा मोठा. मे २००० मध्ये युक्रेनविरुद्ध त्याने केलेला गोल जुन्या वेम्बलीवरचा इंग्लंडचा शेवटचा गोल ठरला. ऑक्टोबरमध्ये त्याच मैदानाच्या निरोपाच्या सामन्यात जर्मनीने इंग्लंडला १-० असे हरवले, तेव्हा कर्णधार तोच होता. त्यानंतर तो इंग्लंडकडून खेळला नाही. २००१-०२ मध्ये दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळूनही त्याने दुसऱ्यांदा लीग आणि एफए कप ही जोडी पटकावली. ऑगस्ट २००२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

प्रशिक्षक म्हणून त्याला यश लाभले नाही. विकम वाँडरर्स (२००३-०४), पोर्ट्समथ (ऑक्टोबर २००८ ते फेब्रुवारी २००९), अझरबैजानमधील गबाला आणि स्पेनमधील ग्रनाडा येथे त्याने काम केले. ग्रनाडात २०१७ मध्ये त्याच्या हाताखालचे सातही सामने संघ हरला. पोर्ट्समथच्या काळातली एक रात्र मात्र चांगली गेली : युएफा कपमध्ये एसी मिलानविरुद्ध २-० अशी आघाडी आणि अखेरीस २-२ बरोबरी.

१९९८ मध्ये त्याचे ‘अ‍ॅडिक्टेड’ हे आत्मकथन पत्रकार इयन रिडलीच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले. तुरुंग, दारू आणि लाज यांविषयी इतके मोकळे लिहिणे चालू कारकिर्दीतल्या खेळाडूने क्वचितच केले असेल. १९९९ मध्ये त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. २००० मध्ये त्याने ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था स्थापन केली. तिच्या हॅम्पशायरमधील केंद्रात दारू, अमली पदार्थ किंवा जुगाराच्या व्यसनात सापडलेले खेळाडू काही आठवडे राहून उपचार घेऊ लागले. प्रसिद्धीपासून दूर, ओळख राखून, आणि आपल्यासारखेच मैदान पाहिलेल्या माणसांच्या सोबतीने. आज तिथे फुटबॉलखेरीज इतर खेळांतले लोकही मदतीसाठी येतात.