खाते कोणाचे, हुकूम कोणाचा?

संगणकावरचे ‘खाते’ जन्माला आले ते टंचाईतून. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत दाखविली. यंत्र एक, वापरणारे पुष्कळ. म्हणून प्रत्येकाच्या नावे वेळ ठरलेला आणि नावाची खूण म्हणून परवलीचा शब्द. अॅलन शेर या संशोधकाला आठवड्याचे ४ तास पुरेनात. १९६२ मध्ये त्यांनी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली आणि परक्या नावांवर काम उरकले! पुढे त्यांनीच हे सांगून टाकले. तास मोजून दिले की पळवाट निघते, हे आम्हां चळवळीतल्या माणसांना नवे नाही.

१९७१ च्या युनिक्समध्ये ‘एसयू’ ही आज्ञा आली. ती दिली, परवलीचा शब्द सांगितला, की साधा वापरणारा यंत्राचा सर्वाधिकारी होई.

२००६ साली अॅमेझॉनने आपली यंत्रे दूरस्थपणे भाड्याने देण्यास आरंभ केला आणि खात्याचा अर्थच पालटला. खाते आता माणसाचे नव्हे, बिल भरणाऱ्या मालकाचे! त्यातही चाचणीचे वेगळे, चालू कारभाराचे वेगळे. पुण्यात रात्रपाळी करणारा तरुण अशी अनेक मालकांची खाती एकाच पडद्यावरून सांभाळतो.

२०१३ साली अॅमेझॉनचे टंकित आज्ञांनी चालणारे एकत्रित साधन प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक खात्याच्या किल्ल्यांना ‘प्रोफाइल’ म्हणून नाव देता येते. ते दर आज्ञेत सांगावे, किंवा त्या खिडकीपुरते एकदा जाहीर करावे. काहीच न सांगितल्यास ‘डिफॉल्ट’ नावाचे खाते धरले जाते. गूगलच्या साधनात एका खिडकीत खाते बदलले, की एरवी शेजारच्या खिडकीतही बदलते. किल्ली खरी आहे एवढेच यंत्र पाहते. मनात कोणते खाते होते, हे त्याला कसे कळावे? पुसण्याची आज्ञा चुकीच्या खात्यात गेली, की चौकशी मात्र त्या तरुणाची होते.

आमच्या मते ही जबाबदारी आधी मालकाची. पाहण्याची किल्ली निराळी, पुसण्याची निराळी असावी. अॅमेझॉनकडे तात्पुरत्या अधिकाराची सोय आहेच. मुदत वेगळी न सांगितल्यास तो साधारणपणे तासाभरात आपोआप संपतो. आणि ‘डिफॉल्ट’ या नावाखाली एकही किल्ली ठेवू नये, म्हणजे खात्याचे नाव न घेता दिलेली आज्ञा जागच्या जागी अडते.