लिनक्स फोनवर ई-सिम चालतं का? चालतं, पण आधी हे वाचा

समजा, तुम्ही जुन्या अँड्रॉइड फोनवर लिनक्स टाकलं. यूट्यूबवर बघून, अर्धी रात्र जागून. वायफाय लागलं, स्क्रीन फिरते, ब्राउझर उघडतो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्ही 'ई-सिम जोडा' हा पर्याय शोधता आणि तो कुठेच नसतो. सिमचा ट्रे असेल तर ठीक. पण तुमचा नंबर ई-सिमवर असेल, तर हा फोन म्हणजे आता एक छोटा टॅब्लेट झाला.

असं का होतं? लिनक्सला ई-सिम 'समजत नाही' का? गोष्ट थोडी वेगळी आहे.

ई-सिम म्हणजे नेमकं काय?

पहिला गैरसमज म्हणजे ई-सिम हे एखाद्या अ‍ॅपसारखं सॉफ्टवेअर आहे असं वाटणं. प्रत्यक्षात ती एक खरीखुरी चिप असते. तिचं नाव ईयूआयसीसी. प्लास्टिकच्या सिममध्ये एकाच कंपनीची ओळख कायमची भरलेली असते. या चिपमध्ये मात्र कंपन्यांची 'प्रोफाइल' उतरवता येतात, बदलता येतात, पुसता येतात. प्रत्येक चिपला स्वतःचा ३२ आकडी क्रमांक असतो, त्याला ईआयडी म्हणतात.

कंपनी तुम्हाला क्यूआर कोड देते तेव्हा त्या कोडमध्ये तुमचं सिम नसतं. त्यात असतो एका सर्व्हरचा पत्ता आणि एक सांकेतिक शब्द. त्या पत्त्यावर जाऊन प्रोफाइल आणायचं आणि चिपच्या हवाली करायचं, हे काम फोनमधला एक छोटा प्रोग्राम करतो. त्याचं नाव एलपीए, म्हणजे लोकल प्रोफाइल असिस्टंट. आयफोनमध्ये तो अ‍ॅपलचा असतो, पिक्सेलमध्ये गुगलचा, सॅमसंगमध्ये सॅमसंगचा. आपण सेटिंग्जमध्ये 'ई-सिम जोडा' दाबतो तेव्हा मागे हाच प्रोग्राम धावत असतो.

अँड्रॉइड पुसलंत की तो प्रोग्रामही गेला. चिप मात्र बोर्डवर जिथल्या तिथे आहे.

लिनक्स फोन म्हणजे कोणते?

तसं अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. पण इथे आपण बोलतोय ते पोस्टमार्केटओएस, मोबियन, उबुंटू टच, सेलफिश अशा सिस्टिमबद्दल. पोस्टमार्केटओएस २०१७ मध्ये सुरू झालं, कल्पना अशी की कंपनीने अपडेट बंद केले म्हणून चांगला फोन भंगारात जाऊ नये. त्याच वर्षी कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू टच सोडून दिलं आणि युबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या गटाने ते पुढे चालवलं. सेलफिश फिनलंडच्या योल्ला कंपनीचं. मोबियन म्हणजे फोनवरचं डेबियन.

यातल्या बऱ्याच सिस्टिमवर नेटवर्कचं काम मोडेममॅनेजर किंवा ओफोनो हे प्रोग्राम बघतात. मोडेममॅनेजर तर समोर ई-सिम आहे हे ओळखतो, त्याचा ईआयडीही दाखवू शकतो. पण प्रोफाइल उतरवणं हे त्याचं काम नाही. अडतं ते इथे.

मग हा एलपीए कुणीही लिहू शकतो?

हो. आणि मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते.

ई-सिमचे नियम जीएसएमए ही जगभरातल्या मोबाइल कंपन्यांची संघटना ठरवते. साध्या फोनसाठीच्या नियमांचा क्रमांक आहे एसजीपी.२२. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यात खरा विश्वास चिप आणि सर्व्हर या दोघांमध्येच असतो. कारखान्यातून निघतानाच चिपमध्ये एक डिजिटल प्रमाणपत्र भरलेलं असतं. सर्व्हर ते तपासतो, चिप सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासते, आणि मग प्रोफाइल फक्त त्याच एका चिपला उघडता येईल असं कुलूपबंद होऊन येतं.

मधला एलपीए फक्त पोस्टमन. पाकीट इकडून घ्यायचं, तिकडे द्यायचं. आत काय आहे ते त्याला वाचता येत नाही. म्हणून हा पोस्टमन गुगलचाच हवा असं काही नाही, तुमच्या-आमच्यापैकी कुणी लिहिलेलाही चालतो.

(चिप मात्र अभेद्य आहे असं समजू नका. २०२५ मध्ये पोलंडच्या सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्स या संशोधकांनी किगेन कंपनीच्या ई-सिम चिपमधून गुप्त किल्ली बाहेर काढून दाखवली. कंपनीने नंतर दुरुस्ती केली आणि बक्षीसही दिलं.)

एलपॅक: लिनक्सवाल्यांचा पोस्टमन

असा एक मुक्त स्रोत प्रोग्राम आहे एलपॅक. तो सी भाषेत लिहिला आहे आणि टर्मिनलमधून चालतो. चिपची माहिती बघणं, प्रोफाइलची यादी, नवीन उतरवणं, चालू-बंद करणं, पुसणं, हे सगळं त्यातून होतं. क्यूआर कोडमधला मजकूर जसाच्या तसा त्याला देता येतो. तो मजकूर 'एलपीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि मध्ये डॉलरची चिन्हं असतात. टर्मिनलमध्ये डॉलरचा अर्थ वेगळा होतो, म्हणून तो मजकूर एकेरी अवतरणात टाका. या एका चुकीत तास जाऊ शकतो.

चिपपर्यंत पोहोचायचे एलपॅककडे वेगवेगळे रस्ते आहेत. क्वालकॉमच्या मोडेमशी क्यूएमआय भाषेत, काहींशी एमबीआयएममध्ये, काहींशी जुन्या एटी कमांडमधून. उबुंटू टचसारख्या सिस्टिम अनेकदा अँड्रॉइडचेच ड्रायव्हर वापरतात, त्यांच्यासाठीही एक वेगळा रस्ता आहे. तुमच्या फोनला कोणता लागू पडेल, हे त्याच्या मोडेमवर ठरतं. टर्मिनलची भीती वाटत असेल तर एलपीए-जीटीके नावाचं बटणांचं अ‍ॅप आहे.

एक लक्षात ठेवा: पहिलं प्रोफाइल उतरवायला इंटरनेट लागतं, त्यामुळे वायफाय हाताशी हवं. आणि प्रोफाइल चालू केल्यावर मोडेमला त्याची दखल घ्यायला बऱ्याचदा फोन एकदा बंद-चालू करावा लागतो. काही फोनमध्ये ट्रेमधलं सिम आणि ई-सिम यातलं कोणतं वापरायचं, हेही मोडेमला वेगळं सांगावं लागतं.

फोनमध्ये ई-सिमची चिपच नसेल तर?

पाइनफोन किंवा लिब्रेम ५ मध्ये ती नाहीच. इथे एक मस्त पळवाट आहे. बाजारात नॅनो सिमच्या आकाराची कार्डं मिळतात, ज्यांच्या आतच ईयूआयसीसी चिप असते. ईएसटीके.मी, फाइव्हबर, सिसमोकॉम ही त्यातली काही नावं. कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालायचं, लॅपटॉपवर एलपॅक किंवा त्याचं खिडकीवालं रूप ईझीएलपॅक चालवायचं, प्रोफाइल उतरवायचं, आणि कार्ड फोनच्या ट्रेमध्ये सरकवायचं. फोनला ते साधं सिमच वाटतं.

मला विचाराल तर लिनक्स फोनसाठी हीच वाट सगळ्यात कमी डोकेदुखीची. फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्यात टाका. ही सोय बोर्डवर चिकटवलेल्या चिपमध्ये नाही.

चिप आतच असेल, जसं फेअरफोन ४ मध्ये, तर आणखी एक युक्ती आहे. अँड्रॉइड पुसण्याआधीच त्यातून प्रोफाइल उतरवून चालू करून ठेवा. प्रोफाइल चिपमध्ये राहतं, फोनच्या स्टोरेजमध्ये नाही, त्यामुळे सिस्टिम बदलली तरी ते जागेवर असतं. फक्त रिसेट करताना 'ई-सिम पुसा' या खुणेवर टिक लागू देऊ नका.

भारतात काय अडचण येते?

इथे जरा सबुरीने घ्या, कारण आपला नंबर म्हणजे बँकेचा ओटीपी, यूपीआय, आधार, सगळंच.

प्लास्टिकचं सिम ई-सिममध्ये बदलताना जिओ तुमच्याकडून ईआयडी आणि आयएमईआय दोन्ही मागतं. ई-सिम चालणाऱ्या फोनची कंपन्यांकडे यादी असते आणि त्यात पाइनफोन सापडण्याची अपेक्षा ठेवू नका. शिवाय सिम बदललं की साधारण २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. फसवणूक रोखण्यासाठी तो चांगलाच, पण तेवढा वेळ ओटीपी येणार नाही हे धरून चाला. पगाराच्या किंवा ईएमआयच्या दिवशी हा उद्योग नको.

दुसरी अडचण आवाजाची. जिओकडे २जी, ३जी नाहीच. कॉल जातो तो व्होल्टीईवरून, आणि व्होल्टीई ही लिनक्स फोनची जुनी दुखरी नस आहे. काही फोनवर चालतं, बऱ्याच फोनवर नाही. म्हणजे ई-सिम व्यवस्थित उतरेल, डेटा धावेल, आणि आईचा फोन मात्र लागणार नाही. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून आहे, तिथे निदान साधा कॉल होण्याची शक्यता असते. दोष ई-सिमचा नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

त्यामुळे पहिला प्रयोग मुख्य नंबरवर करू नका. परदेशात असाल तर प्रवाशांसाठीचं स्वस्तातलं डेटा ई-सिम घ्या. त्याला सहसा ईआयडी वगैरे द्यावा लागत नाही. भारतात हा पर्याय थोडा आखडलाय, जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही अ‍ॅप्स इथल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली.

एवढी खटपट कशाला? ट्रे आहे की!

आहे, अजून तरी. अमेरिकेत २०२२ च्या आयफोन १४ पासून ट्रे गेला. २०२५ चा आयफोन एअर तर जगभरात ट्रेशिवायच विकला जातो. अँड्रॉइड कंपन्या अशा बाबतीत अ‍ॅपलच्या मागे जातात, हेडफोनच्या भोकाचं काय झालं ते आठवा. आज विकले जाणारे फोन पाच-सात वर्षांनी सेकंडहँड बाजारात येतील. तेव्हा त्यावर लिनक्स टाकणाऱ्याकडे ट्रे नसेल, आणि एलपीए नसेल तर तो फोन नेटवर्कवर जाणारच नाही. एलपॅकवर काम करणारे आजच त्याची तयारी करतायत.

पुसताना एक गोष्ट विसरू नका

प्रोफाइल उतरलं, चालू झालं किंवा पुसलं की चिप त्याची एक पोचपावती तयार करते. ती सर्व्हरला पाठवायची असते. नेहमीच्या फोनमध्ये हे आपोआप होतं. एलपॅकमध्ये मात्र 'नोटिफिकेशन' या कमांडने ती तुम्हाला पाठवावी लागू शकते. ती न पाठवता प्रोफाइल पुसलंत, तर कंपनीच्या नोंदीत ते अजून तुमच्याच चिपवर आहे. मग तोच क्यूआर पुन्हा स्कॅन केला की नकार येतो. तसेही अनेक क्यूआर एकदाच चालतात. मग ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत जायचं आणि काउंटरवरच्या माणसाला पोस्टमार्केटओएस म्हणजे काय ते समजावायचं.